मिटिंगचा पत्ता, आणि त्याआधीचं थोडं

म्हापसा,
रविवार

प्रिय बाब्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर विचारलंस, "ती एएची मिटिंग खंय भरते रे?" (एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) आणि लगेच, "एका ओळखीच्याला हवी आहे." ओळखीचा कोण, ते मी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पत्र एवढ्यासाठी की फोनवर दोन मिनिटांत तू विषय हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, भावावर नेतोस.

आधी डॉक्टर. रोज पिणाऱ्याने सोरो एकदम बंद केला की घाम फुटतो, हात थरथरतात, झोप उडते. काहींना दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, आणि वेळेवर उपचार नाही झाले तर माणूस जातोसुद्धा. आपल्याकडे यालाच "मन घट्ट नाही" म्हणतात. शुद्ध अडाणीपणा! सकाळी घोट घेतल्याशिवाय चहाचा कप धरता येत नसेल, तर त्या ओळखीच्याने स्वतःच्या मनाने काही बंद करू नये. आधी बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, दाखवावं. तिथे जायची लाज वाटत असेल तर १४४१६ वर फोन करावा, टेली-मानसची ती सरकारी सेवा आहे, फुकट आणि चोवीस तास. मिटिंगमध्ये औषध मिळत नाही, कोणी तपासत नाही. ते तिचं कामच नव्हे.

आता मिटिंग. पत्ता एएच्या हेल्पलाइनवर विचारायचा. तिथे बोलणारा बहुधा स्वतःच त्यातून गेलेला असतो, त्यामुळे प्रस्तावना लागत नाही. मिटिंग अजून त्याच जागी भरते का, भाषा कोणती, आणि खुली की बंद, एवढं विचारायचं. खुल्या मिटिंगला घरचं माणूस किंवा मित्र सोबत बसू शकतो. बंद मिटिंग फक्त ज्याला स्वतःला दारू सोडायची आहे त्याच्यासाठी. आमच्याकडे कोकणी चालते, मधूनमधून इंग्रजी. मी मराठीत बोलतो, कोणाचं काही अडत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती तूही जाणतोस. गोव्यात आडनाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की कोणाचा कोण तेही कळतं. म्हणून माझं मत ऐक: पहिली मिटिंग डिचोलीत शोधूच नये. म्हापशाला यावं, नाहीतर पणजीला जावं. परतीची शेवटची बस मात्र आधी विचारून ठेवावी, नाहीतर घरी जायला उशीर झाला म्हणून वाटेत कुठे बसणं होतं ते तुला सांगायला नको. तिथे आडनाव कोणी विचारत नाही. नाव सांगायचं, तेही वाटलं तर. आणि समजा समोर शेजारच्या वाड्यावरचा कोणी निघालाच, तर तोही त्याच कामासाठी आलेला असतो ना! बाहेर गेल्यावर कोणाचं नाव कुठे काढायचं, याची धास्ती त्यालाही तेवढीच.

मिटिंग चर्चच्या हॉलमध्ये असली म्हणून बिचकू नकोस (म्हणजे त्याने बिचकू नये). जागा मिळते म्हणून तिथे भरते, तिचा चर्चशी संबंध नाही. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारू सोडायच्या त्यांच्या कार्यक्रमात, देवाचा उल्लेख येतो, पण 'आम्हाला उमगला तसा देव' असा. माझ्या शेजारी बसणारे एक गृहस्थ देव अजिबात मानत नाहीत आणि एकही मिटिंग चुकवत नाहीत. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही. थाळी फिरते, पण नव्याने आलेल्याने काही टाकायची गरज नाही. बाहेरच्यांची देणगी तर ते घेतच नाहीत. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकायचं. एक बोलत असताना दुसरा मध्ये तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. आपल्या लोकांना हे जमतं, याचंच मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं होतं.

हे सगळं सुरूच झालं फोन करत सुटल्याने. १९३५ चा मे महिना, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. बिल विल्सन नावाचा शेअर दलाल दारू सोडून काही महिने झालेला, धंद्यातला बेत फसलेला, हॉटेलच्या लॉबीत एकटा. एका बाजूला बार. त्याने तिथल्या चर्चच्या यादीवरून फोन लावला, मग आणखी फोन झाले, कोणीतरी दारूत बुडालेला माणूस बोलायला मिळावा म्हणून. दुसऱ्या दिवशी भेटले डॉक्टर बॉब स्मिथ, सर्जन. पंधरा मिनिटंच थांबेन म्हणाले होते, काही तास बसले. १० जूनला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस एए आपला स्थापना दिवस मानते. बघ, पिणाऱ्याला पिणाराच हवा होता. तुझ्या वहिनीने आणि मोठ्या भावाने मला काय कमी समजावलं होतं? पण ते वरून बोलत होते.

पुण्याच्या मुक्तांगणचं विचारलंस. १९८६ पासूनची जागा, चांगलीच. राहून उपचार घ्यायची तयारी असेल तर जरूर जावं. पण तिथून परत येणार डिचोलीतच, त्याच रस्त्याने, त्याच बारवरून. तेव्हा इथली मिटिंग लागणारच.

"चवथ होऊ दे" असं तो म्हणेल. चवथीनंतर दसरा आहे, दिवाळी आहे, मग जत्रा. गोव्यात कॅलेंडर रिकामं सापडायचं नाही. डॉक्टरांना दाखवून झालं की मला कळव, मी म्हापशाच्या बसस्टँडवर येतो. खुली मिटिंग आहे, सोबत तूही ये.

तुझा,
नाना

ता. क. तुझ्या घरी वहिनींना सांग, घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचा वेगळा गट असतो, तिथे नवऱ्याला न विचारता जाता येतं. आणि "चहातून गुपचूप द्या, दारू सुटेल" अशी जाहिरात वाचून कोणी पावडर मागवली असेल तर ती देऊ नका म्हणावं. असल्या पुड्यांत काय असतं कोण जाणे, आणि काही औषधांवर दारू पोटात गेली तर जिवावर बेततं. डॉक्टरही ती औषधं पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.