योनाची गोष्ट माशाच्या पोटात संपत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बायबलमधील कथांवरचे ॲनिमेशनपट आता ख्रिस्ती घरांत नित्य पाहिले जातात, आणि नोहा, मोशे, दावीद यांच्याशी अनेक मुलांची पहिली ओळख शास्त्रपाठापेक्षा पडद्यावरच होते. यात मला गैर काही वाटत नाही, कारण चर्चच्या भिंतींवर आणि रंगीत काचांवर हेच प्रसंग शतकानुशतके चितारले गेले आहेत. मात्र या चित्रपटांनी मूळ कथेत काय घुसडले, याची पालकांत जितकी चर्चा होते, तितकी त्यांनी काय गाळले याची होत नाही, आणि खरे नुकसान गाळण्यामुळे होते, असे माझे मत आहे.

मोशेच्या कथेवरचा ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ (१९९८) हा बदल करूनही भार न गाळणाऱ्या चित्रपटाचे उदाहरण म्हणून घ्यावा. त्यात बाळ मोशेला फारोच्या, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाच्या मुलीऐवजी राणी उचलून घेते. बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात फारोसमोर उभा राहणारा मोशे ८० वर्षांचा आहे, तर पडद्यावरचा मोशे तरुण आहे. पण कथेत काही स्वातंत्र्य घेतले असून मूळ वृत्तांत निर्गमाच्या पुस्तकात आहे, हे तो चित्रपट आरंभीच प्रांजळपणे सांगतो. शिवाय मिसरातील प्रथमजन्मलेल्यांचा मृत्यू तो टाळत नाही, आणि इस्राएली गुलामांच्या सुटकेची परवानगी मिळाल्यावर मोशे आनंदाने नाचत नाही, तर कोसळून रडतो. तपशिलात चुकलेला हा चित्रपट कथेच्या भाराशी प्रामाणिक राहिला आहे.

याउलट लहान मुलांसाठीच्या कितीतरी छोट्या चित्रफितींत नोहाचे तारू म्हणजे हसऱ्या प्राण्यांची सहल होऊन बसते आणि महापुरात तारवाबाहेर काय झाले, याचा उच्चारही होत नाही. दावीद गल्याथ या महाकाय योद्ध्याला पाडतो आणि कथा तिथेच थांबते. आपल्या सैनिक उरियाची पत्नी बथशेबा हिला बळकावून त्याला मरणाच्या तोंडी देणारा आणि नाथान संदेष्ट्याने दोष दाखवल्यावर ‘मी पाप केले आहे’ असे कबूल करणारा राजा मुलांना भेटतच नाही. बथशेबेचा प्रसंग पाच वर्षांच्या मुलाला दाखवावा, असे मी म्हणत नाही. पण मूल मोठे झाल्यावर तरी त्याला हा दुसरा दावीद दाखवणारे कोणी हवे.

सर्वांत अन्याय होतो तो योनावर, म्हणजे देवाने निनवे नगराकडे पाठवलेल्या पण तिथे जाणे टाळून पळालेल्या संदेष्ट्यावर. मोठा मासा, तीन दिवस, किनारा, निनवेचा पश्चात्ताप, की संपले! वस्तुतः पुस्तकाचा गाभा चौथ्या अध्यायात आहे. शत्रूच्या नगराला क्षमा मिळाली म्हणून योना रागावतो, सावली देणारा वेल किड्याने खाल्ल्यावर मरण मागतो, आणि देव त्याला विचारतो की, एका वेलीची तुला एवढी कीव येते, तर उजवाडावा हात न कळणाऱ्या १,२०,००० हून अधिक माणसांची आणि पुष्कळ गुराढोरांची कीव मला येऊ नये काय? योनाचे उत्तर पुस्तकात नाही. ‘जोना: अ व्हेजीटेल्स मूव्ही’ (२००२) मध्ये पात्रे भाज्यांची आहेत, विनोद भरपूर आहेत, तरीही तो चौथा अध्याय तिथे जागेवर आहे. म्हणजे मुलांना हे झेपत नाही, ही सबब टिकत नाही.

अवघड प्रसंगांसाठी या माध्यमाकडे साधनेही आहेत. ‘द मिरॅकल मेकर’ (२०००) मध्ये मुख्य कथा बाहुल्यांच्या हालचालींतून, तर दाखले आणि मनातले संघर्ष हाताने काढलेल्या चित्रांतून येतात, आणि येशूचे जीवन आपण बहुतांशी याईर नावाच्या माणसाच्या आजारी मुलीच्या सोबतीने पाहतो. वधस्तंभही त्यात आहे. कथा बालकाच्या नजरेच्या उंचीवर आणली म्हणून ती हलकी झालेली नाही.

म्हणून निर्मात्यांना विनंती आहे की, चित्रपटाच्या शेवटी मूळ पुस्तक, अध्याय आणि गाळलेला भाग यांचा स्पष्ट उल्लेख करावा. मंडळ्यांनी (चर्चच्या समुदायांनी) आणि रविवारच्या शाळांनी चित्रपट दाखवण्याआधी तो उतारा मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा. योनाचे संपूर्ण पुस्तक अवघ्या ४८ वचनांचे आहे, तेव्हा वेळ नाही असे कोणी म्हणू नये.

आपला,
एक ख्रिस्ती पालक