मनू, रविवारच्या फोनबद्दल

मनू,

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून तुझी आई पण माझ्याशी नीट बोलत नाहीये. म्हणून लिहितोय, एवढं लांब टाईप करायची सवय नाही, चुका सांभाळून घे. "जगात दुसरा विषय नाही मिळाला का" हे मी बोलायला नको होतं. विषयाला हरकत नाही गं, खरंच नाही, इंटर्नशिप देहविक्रय करणाऱ्या बायकांवरच्या पेपरातल्या बातम्यांवरच आहे, लायब्ररीत बसून करायची, हे तू तीनदा सांगितलंस. पण मग पुण्यातल्या त्या वस्तीत, बुधवार पेठेत, कशाला जायचं? त्या बातम्या लिहिणारे कधी तिथे बोलायला गेले नाहीत, मग वाचणारीनं कशाला जावं, असं काहीतरी डोक्यात होतं आणि तोंडातून भलतंच निघालं.

जाणारच असशील तर कॉलेजचं आयकार्ड गळ्यात घाल. पर्समध्ये नको, गळ्यात.

तू विचारलंस ना, पप्पा, "सुटका केली" आणि "सुधारगृहात रवानगी केली" एकाच वाक्यात कसं येतं? मी चिडलो कारण ते वाक्य मी एकवीस वर्षं पेपरात लिहिलंय आणि मला कधी खटकलं नाही. पोलीस स्टेशनवरून फोन यायचा, अमुक लॉजवर छापा, पिटा म्हणजे अनैतिक व्यापाराचा कायदा लावला, इतक्या महिला, एजंट ताब्यात, दहा मिनिटांत बातमी तयार. साहेबांचं आडनाव मात्र दोनदा विचारून घ्यायचो, चुकायला नको म्हणून. बायकांना कोण विचारतंय. हेडिंगात "सेक्स रॅकेट" बसलं की वरचे खूश, आणि खाली नाव नुसतं "प्रतिनिधी". तुझ्या त्या एक्सेलमध्ये जेवढे प्रतिनिधी सांगलीचे असतील त्यातले बरेचसे तुझे पप्पा आहेत.

आणि शब्दाचं म्हणशील तर आम्ही "देहविक्रय करणाऱ्या महिला" लिहायचो, वाटायचं केवढे सभ्य आपण. इथे सांगलीतच १९९६ ला त्या बायकांनी स्वतःची संघटना काढली तर नाव ठेवलं वेश्या अन्याय मुक्ती परिषद. जो शब्द आम्ही टाळत होतो तोच त्यांनी नावात घेतला. आमच्या ऑफिसात लोक हसले होते त्यावर. मी पण असेन त्यात.

आता खरं सांगतो. ९८ च्या आसपासची गोष्ट, छाप्याचा फोटो होता, तीन बायका, दोघींनी पदर ओढलेला, तिसरी सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. खालची ओळ माझी. चौथ्या दिवशी ती ऑफिसात आली. शिपायाला वाटलं भांडायला आलीय, तर ती हळूच म्हणाली, "आमच्या गावाकडं जातात तेवढे अंक माघारी घेता येत्यात का?" ते गठ्ठे चार दिवसांपूर्वीच पहाटेच्या एसटीनं गेले होते गं. मी चहा मागवला, दुसरं काय करणार होतो. तिनं चहा घेतला आणि कप विसळून कुठं ठेवू विचारत होती. ती धंद्यातली होती का लॉजवर झाडलोट करायची हे मला आजपण माहीत नाही. फोटोत ते कळत नाही.

म्हणून आयकार्ड म्हणतोय. तू तिथे असताना पोलिसांची गाडी आली आणि मागून ते मोबाईलवाले आले तर ते थांबून विचारणार नाहीत. तू पाठवलेली सुप्रीम कोर्टाची ऑर्डर वाचली मी, १९ मे २०२२ ची, चष्मा बदलून वाचली. पीडित असो की आरोपी, ओळख कळेल असा फोटो छापायचा नाही, तशा सूचना काढायला प्रेस कौन्सिलला सांगावं. चांगलंय. पण ऑर्डर दिल्लीत आणि कॅमेरा गल्लीत. तू म्हणशील, पप्पा, ज्यांच्या गळ्यात आयकार्ड नाही त्यांचं काय? माहितीये मला तू हेच म्हणशील. उत्तर नाही माझ्याकडे. मी तुझ्यापुरताच विचार करतोय, बापाला तेवढी सूट दे.

बघ, परत सुरू झालो. आई म्हणालीच होती, सॉरी म्हणायला बसाल आणि भाषण द्याल.

जोशीकाकांना मी अभिमानानं सांगितलं, मनू पेपरांवर रिसर्च करतेय. कसल्या बातम्यांवर ते गिळलं. पुढच्या वेळी सांगेन, किंवा तूच सांग, दिवाळीत येशील तेव्हा. लहानपणी रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून शाईचे हात तोंडाला पुसायचीस, आत्या म्हणायची ही पण पेपरातच जाणार. मी म्हणायचो नको, पगार नाही त्यात.

शुक्रवारी संतोष पुण्याला येतोय, त्याच्याकडे डबा देतोय. चकली वर आहे, खाली प्लॅस्टिकमध्ये माझी जुनी कात्रणं आहेत, पोटमाळ्यावरून काढली, तुला उपयोगी पडतील. हेडिंगला हसू नकोस. ते फोटोवालं त्यात ठेवलेलं नाही, ते मागू पण नकोस.

बुधवारी निघताना आणि रूमवर पोचल्यावर मेसेज टाक. नुसता अंगठा टाकलास तरी चालेल.

पप्पा