काका, तुम्ही मला धीर दिला नाहीत, काम दिलंत

आदरणीय काका,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर ठेवतोय. उपासनेला मागच्या बाकावर गप्प बसणारे माझ्यासारखे पुरुष बरेच आहेत आणि त्यांच्याशी विश्वासाबद्दल, कामाबद्दल कुणी बोलत नाही. घरात बायको मोठ्याने प्रार्थना करते, मुलांना वचनं तोंडपाठ असतात. आपण उरतो खुर्च्या मांडायला. त्यात नोकरी गेली की विचारायलाच नको. माझी कंपनी बंद पडली तेव्हा नुसत्या आवाजावरून मोटरचा बिघाड सांगणारा मी, घरात बल्ब बदलतानाही कुणी बघत नाही ना, असं पाहू लागलो होतो.

भेटायला येणारे सांगायचे, 'पुरुषासारखा पुरुष तू, कुटुंबाचा मस्तक आहेस, खचू नकोस.' हेतू चांगलाच असायचा. पण ज्याच्या मुलांची फी भरायची राहिलीय त्याला 'मस्तक' म्हटलं की मान आणखी खाली जाते. (पुरुषांच्या शिबिरांत असली भाषणं जरा कमी झाली तर बरं, हे माझं स्पष्ट मत.)

तुम्ही बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा ३१वा अध्याय काढून माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, 'वाच.' बसालेल. देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केलं असं नाव घेऊन म्हटलंय, ते या माणसाबद्दल; आणि तो याजक नव्हता, संदेष्टाही नव्हता. सोनं, रुपं, पितळ, रत्नांना पैलू पाडणं, लाकडाचं कोरीवकाम हे त्याचं क्षेत्र. मी इतकी वर्षं हा भाग निवासमंडपाची, म्हणजे इस्राएली लोकांच्या उपासनेच्या तंबूची, मापं समजून भराभर उलटत आलो होतो. पुढे ३५व्या अध्यायात त्याला दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिल्याचं आहे. तिथे तुम्ही बोट ठेवलंत आणि त्याच दमात म्हणालात, 'सभागृहाचं वायरिंग जुनं झालंय. दोन पोरं देतो हाताखाली. त्यांना शिकव.'

कौतुक नाही, सहानुभूती नाही. फक्त काम.

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या बायबलमधल्या पत्रातलं ४:१३ हे वचन माझ्या मोबाईलच्या कव्हरवर होतं. सर्व काही करण्याचं सामर्थ्य मिळतं म्हणजे नवी नोकरी, मोठा पगार मिळणार, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही मला दोन ओळी मागे नेलंत. पौल तिथे सांगतो की भरलेलं ताट आणि उपाशी पोट, दोन्हींत राहायला तो शिकलाय. पत्र लिहिताना तो बंधनात होता आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीने पाठवलेल्या मदतीबद्दल आभार मानत होता. मदत घेणाराही कर्तबगार असू शकतो, हे मला त्या दिवशी उमगलं. आपल्या मंडळीतून घरी आलेल्या किराण्याकडे मी तोवर मान वर करून पाहिलं नव्हतं.

आणि ती प्रार्थनासभा! गोलात माझी पाळी आली की मी खोकायचो किंवा बुटांच्या टोकांकडे बघत बसायचो. शेजारचा समजून पुढे सुरू करायचा. त्या दिवशी तुम्ही त्याला हाताने थांबवलंत, ९०वं स्तोत्र उघडून पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलंत. मी अडखळत वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आलो, जिथे हातांनी केलेलं काम टिकव, सिद्धीस ने, असं मागणं आहे. तिथे माझा आवाज फुटेना. कुणी 'आमेन' म्हणायची घाई केली नाही. नंतर चहा घेताना तुम्ही एवढंच म्हणालात, 'हे स्तोत्र मोशेच्या नावावर आहे. देवापुढे मी जिभेचा जड आहे म्हणणारा तोच.'

आता किरकोळ दुरुस्तीची कामं मिळतात. पूर्वीइतके पैसे नाहीत, तरी चाललंय. प्रार्थना अजून वाचूनच करतो. पाठ कर, असा तुमचा आग्रह आहे. तेवढं मात्र मला पटत नाही.

वायरिंग पूर्ण झालं. दोघांतला धाकटा परवा विचारत होता, 'काम सुरू करताना प्रार्थना करतो, मग मेन स्विच चालू करायच्या आधी पुन्हा टेस्टर का लावायचा?' टेस्टरचं मी समजावलं. प्रार्थनेचं विचारायला त्याला रविवारी तुमच्याकडे पाठवतोय. मीही येईन, मलाही ऐकायचंय.

आपला,
मागच्या बाकावरचा