साबळेची बातमी कोपऱ्यातच का?

संपादक साहेब, क्रिकेटला अख्खं पान आणि धावपटू अविनाश साबळेची बातमी खाली कोपऱ्यात चार ओळींत, हे काही पटत नाही बुवा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, शेतकऱ्याचा पोरगा, बारावीनंतर आर्मीत गेला, सियाचीनला ड्युटी केली आणि स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या ३००० मीटर शर्यतीकडे, वळला तो त्यानंतर. २०१८ मध्ये गोपाळ सैनींचा ३७ वर्षं जुना नॅशनल रेकॉर्ड मोडला, मग स्वतःचाच रेकॉर्ड मोडत राहिला, २०२४ ला पॅरिस डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद!

३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी असते, अडथळा हर्डल्ससारखा धक्का लागला की पडत नाही, जाड लाकडी ओंडकाच तो, पाय अडकला की माणूसच आडवा, आणि पाण्यात उतरल्यावर ओल्या बुटांनी पुढचं सगळं पळायचं. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये केनियाच्या किबिवोटने त्याला फक्त ०.०५ सेकंदाने मागे टाकलं, सिल्व्हर आलं, पण बाकीचे दोन केनियन याच्या मागे होते हे किती जणांना माहितीये? हांगझोऊ एशियन गेम्सचं गोल्ड तर वेगळंच. निदान त्याच्या रेसची वेळ तरी आदल्या दिवशी छापत जा, आम्ही टीव्ही लावून बसू.

– एक वाचक, बीड