गाडीवर पाच टक्के, बॅटरीवर अठरा: रस्ते वाहतूक मंत्र्यांना इंदूरहून खुलं पत्र

प्रति,
माननीय श्री. नितीन गडकरी,
रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपण नागपूरचे, म्हणून पत्र मराठीत लिहितोय. इंदुरात आमच्या पाच पिढ्या गेल्या, त्यामुळे भाषेत हिंदीचं पाणी जरा जास्त मिसळलंय. तेवढं चालवून घ्या. पेट्रोलमधलं इथेनॉल आम्ही चालवून घेतोच आहोत.

मागच्या मंगळवारी सकाळी आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालो. वय 79, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झालेले, डोळ्यावर तो हिरवा चष्मा. सुदामानगरातून निघताना स्कूटरच्या पडद्यावर 41 टक्के चार्ज दिसत होता. महूनाक्याच्या अलीकडे 38. सिग्नल सुटला, मी मूठ पिळली आणि आकडा एकदम 4 झाला. मधले चौतीस टक्के कुठे गेले ते देवाला ठाऊक. स्कूटरनं एक लांब शिट्टीसारखा आवाज काढला आणि भर चौकात बसली. मागून हॉर्न सुरू. आई विचारते, "पेट्रोल संपलं का रे?" साडेतीन वर्षं झाली, तिला अजून पटलेलं नाही की या गाडीत पेट्रोल नसतं. त्या दिवशी मलाही वाटलं, असतं तर बरं झालं असतं. बाटली घेऊन पंपावर तरी गेलो असतो.

शेवटी एका ई-रिक्षावाल्याला दया आली. आईला त्यानं मागे बसवलं, सीटखालून नायलॉनची दोरी काढली, माझ्या स्कूटरला बांधली आणि आमची वरात निघाली. पुढे जुन्या पद्धतीच्या ॲसिडच्या बॅटऱ्यांवर चालणारी त्याची रिक्षा, मागे माझी लिथियमची, ॲपवाली, ब्लूटूथवाली, रिव्हर्स गिअरवाली स्कूटर. वाटेत तो म्हणाला, "अंकल, हमारी तो पुरानी देके नई ले लेते हैं, दुकान सामने ही है." मी काही बोललो नाही. दोरी ताणलेली असताना तोल सांभाळायचा की बोलायचं?

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं लॅपटॉप जोडला आणि दहा मिनिटांत निकाल दिला. सेल गेलेत. पॅक सीलबंद आहे, उघडता येत नाही, नवाच घ्यावा लागेल. कोटेशन 58,400 रुपये. वॉरंटी तीन वर्षं किंवा 40 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. माझी स्कूटर 26 हजार किलोमीटर चाललीय. पण वर्षं आधी झाली. सात महिन्यांपूर्वी.

आता आपला यात काय संबंध, असं आपण म्हणाल. म्हणून तारीख सांगतो. 22 मार्च 2022. त्या दिवशी आपण लोकसभेत सांगितलंत की जास्तीत जास्त दोन वर्षांत इलेक्ट्रिक गाड्यांची किंमत पेट्रोलच्या गाड्यांएवढी होईल, आणि जिथे पेट्रोलला शंभर रुपये लागतात तिथे विजेला दहा लागतील. त्यानंतर अकरा दिवसांनी गुढीपाडवा होता. आमच्याकडे पेट्रोल तेव्हा 115च्या घरात. मी पाडव्याच्या मुहूर्तावर जुनी पेट्रोलची स्कूटर 14 हजारांना फुंकली आणि ही घेतली. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. बायको म्हणाली होती, दोन वर्षं थांबू या, मंत्रीच म्हणतायत की स्वस्त होणार आहे. मी म्हटलं, देशाचं काम आहे, कोणीतरी आधी घ्यायला नको का? आता ती काही म्हणत नाही. तेच जास्त बोचतं.

दोन वर्षं 2024च्या मार्चमध्ये संपली. 2025च्या मार्चमध्ये आपण म्हणालात, सहा महिन्यांत किमती सारख्या होतील. ऑक्टोबरमध्ये म्हणालात, चार ते सहा महिन्यांत. मुदत कमी होत चाललीय, हीसुद्धा प्रगतीच म्हणायची. आमच्या नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, पण ते सांगितल्या दिवशी येतं.

अनुदानाचं बघा. मी गाडी घेतली तेव्हा दुचाकीला बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॉट-तासामागे 15 हजार मिळत होते. 2023च्या जूनमध्ये त्याचे 10 हजार झाले, 2024च्या एप्रिलपासून 5 हजार, मग अडीच हजार. मधल्या काळात, 2024च्या सप्टेंबरमध्ये, आपण जाहीर सांगितलंत की आता या धंद्याला अनुदानाची गरज उरलेली नाही. बरं, किंमत एकदाची पेट्रोलच्या बरोबरीला आली असती तर आम्हीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण 22 सप्टेंबर 2025 पासून पेट्रोलच्या छोट्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 झाला. म्हणजे स्वस्त झाली ती पेट्रोलची स्कूटर.

मी शंकेखोर माणूस नाही. सांवेर रोडच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय झोप येत नाही. 26 हजार किलोमीटर, पेट्रोलची स्कूटर लिटरला 45 देते असं धरलं, भाव सरासरी 107. झाले 61 हजार आणि वर काहीशे. वीज मला लागली सव्वाआठ हजारांची, फार तर साडेआठ. म्हणजे शंभराला तेरा-चौदा. आपल्या दहाच्या जवळपास! हे मी सोसायटीत सगळ्यांना छाती फुगवून सांगत होतो. आपण खोटं बोलला नव्हता, मंत्रीमहोदय. वाचले साधारण 53 हजार. बॅटरी 58 हजारांची. साडेतीन वर्षं रोज पंपासमोरून हसत हसत गेलो, त्या हसण्याचे पाच हजार मलाच द्यायचे आहेत.

त्या कोटेशनची शेवटची ओळ वाचा. मी तीनदा वाचली. बॅटरी 49,492. जीएसटी 18 टक्के, 8,908. आख्खी स्कूटर घेतली तर कर 5 टक्के. तिच्यातलीच बॅटरी वेगळी घेतली तर 18. गाडी विकत घ्या म्हणून सरकार पाठ थोपटतं, आणि घेतलेली चालू ठेवायची म्हटली की तेच सरकार खिशात हात घालतं. सार्वजनिक चार्जिंगवरही 18च. मुलगी सासरी देताना बँडबाजा आणि माहेरपणाला आली की जेवणाचं बिल.

हे खातं माझं नाही, अर्थमंत्र्यांचं आहे, असं आपण म्हणू शकता. पण 2024च्या जुलैमध्ये विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी काढा म्हणून आपणच अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं ना? आणि पुढच्या वर्षी वैयक्तिक पॉलिसींवरचा तो निघालाही. मग एक पत्र बॅटरीसाठी लिहायला काय हरकत आहे? मजकूर हवा तर मी पाठवतो.

चार्जिंगचीही कथा ऐका. आमची बिल्डिंग तीन मजली, मी वरच्या मजल्यावर. पार्किंगमध्ये सॉकेट मागितला तर सोसायटीच्या सचिवांनी मोबाइल पुढे केला. त्यात पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ. 2022च्या उन्हाळ्यात अशा कितीतरी पेटल्या होत्या, त्यानंतर आपल्याच खात्यानं बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले, हे सगळं मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "भाऊ, नियम कडक झाले ते तुमची गाडी घेतल्यावर ना?" यावर उत्तर नव्हतं. मग मी गॅलरीतून वायर सोडायला लागलो. रोज रात्री विहिरीत पोहरा सोडावा तशी ती काळी वायर खाली जायची, मोगऱ्याच्या कुंडीला घासत, आणि पहाटे दूधवाला यायच्या आत मी ती हातावर गुंडाळत वर ओढायचो. पावसाळ्यात टोकाला प्लास्टिकची पिशवी. बायको उजव्या हाताला पट्टा लावायला सांगते, वायर ओढून ओढून खांदा धरलाय. मध्य प्रदेशच्या 2025च्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या (ईव्ही) धोरणात इंदूर हे पाच ‘मॉडेल ईव्ही’ शहरांपैकी एक आहे. मॉडेलमध्ये माझी वायर दाखवलीय का, तेवढं कोणीतरी बघून सांगा.

लोक घाबरतात, असं आपले अधिकारी म्हणत असतील. लोक घाबरत नाहीत, लोक विचारतात. मंगळवारपासून माझ्याकडे चौघं येऊन गेले. ईव्ही घेऊ का? मी नको म्हणत नाही. फक्त कोटेशन दाखवतो. नव्या गाड्यांना आता काही कंपन्या आठ-आठ वर्षांची वॉरंटी देतात, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तरी चौघांपैकी तिघं पेट्रोलच्या शोरूमकडे गेले. चौथे अजून विचार करतायत, त्यांचा विचार तसा 2019 पासून चालू आहे.

आणि तो पेट्रोलचा शोरूम म्हणजे काही स्वर्ग नाही. 2022च्या जूनमध्ये देशाला कच्चं तेल पिंपाला 115 डॉलरच्या वर पडत होतं. 2025 मध्ये ते पासष्ट-सत्तरवर आलं. आमच्या पंपावर या काळात कमी झाले ते दोन रुपये, तेही 2024च्या मार्चमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर. 2025च्या एप्रिलमध्ये उत्पादन शुल्क उलट दोन रुपयांनी वाढलं. वर राज्याचा व्हॅट 29 टक्के, त्यावर लिटरमागे अडीच रुपये, त्यावर सेस. लिटरमधला निम्मा पैसा करातच जातो, थोडं इकडेतिकडे. त्यात आता वीस टक्के इथेनॉल. नीती आयोगाच्याच 2021च्या अहवालात जुन्या दुचाकींचं मायलेज 3-4 टक्क्यांनी आणि चारचाकींचं 6-7 टक्क्यांनी घटेल असं लिहिलंय. भाव घटला का? दुधात पाणी घातलं तर आमच्या सुदामानगरात गवळ्याला दारात उभं करतात.

म्हणजे पेट्रोल भरा, लुटले जा. वीज भरा, तीन वर्षांनी एकरकमी लुटले जा. बसनं जा म्हणाल, तर बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठीचा वेगळा रस्ता, आमच्यासमोर 2013 मध्ये सुरू झाला, अकरा-साडेअकरा किलोमीटरच्या रेलिंगवर कोट्यवधी घातले, आणि 2025च्या फेब्रुवारीत हायकोर्टानं तो तोडायला परवानगी दिली. मेट्रो म्हणाल, तर 31 मे 2025ला सुरू झाली, पाच स्टेशनांची, सुपर कॉरिडॉरवर. माझं घर एका टोकाला, कारखाना दुसऱ्या टोकाला, मेट्रो तिसऱ्याच टोकाला. स्वच्छतेत आम्ही वर्षानुवर्षं पहिले. कचरा सहा प्रकारांत वेगळा करून देतो, कुरकुर न करता. या शहराला नवं काही शिकवा, ते शिकतं. पण शिकलेल्याला उन्हात उभं करून शिकवणारा एसी गाडीत बसून निघून जातो, हे किती दिवस चालायचं? काही कंपन्यांनी देशी सुटे भाग न वापरता अनुदान उचललं, हे 2023 मध्ये सरकारनंच सांगितलं आणि वसुलीच्या नोटिसाही काढल्या. त्या कंपन्यांच्या गाड्या घेतलेल्या लोकांना कोणती नोटीस आली? त्यांना फक्त सर्व्हिस सेंटरचं बंद शटर दिसलं.

मागणं मोठं नाही. बॅटरीवरचा कर गाडीएवढा करा. ज्या गाडीला सरकारी पैसा लागलाय तिच्या बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची करा, जुन्या गाड्यांनाही काही ना काही द्या. पॅक उघडून दोन खराब सेल बदलता येत असतील तर ते बाहेरच्या कारागिराला करू द्या. आमच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री इन्व्हर्टरपासून मिक्सरपर्यंत सगळं उघडतो, त्याला फक्त माझ्या स्कूटरचं झाकण उघडायची मनाई आहे. आणि विकतानाच कागदावर लिहायला लावा, दुसरी बॅटरी कितीला पडेल. सिगारेटच्या पाकिटावर चित्र छापता, इथे एक आकडा छापा.

सध्या मी जुन्या स्कूटरपेक्षा पंधरा किलो जड असलेली ही स्कूटर पार्किंगमध्ये ढकलून ठेवलीय आणि दोन सिटी बस बदलून कामावर जातो. आईच्या डोळ्याची पुढची तारीख शुक्रवारी आहे. तो ई-रिक्षावाला नंबर देऊन गेलाय, त्यालाच बोलावणार आहे.

कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, भाव पंधरा दिवसांपुरता वैध. आज सहावा दिवस.

आपला,
सुदामानगर, इंदूर येथील एक करदाता
(पाच टक्क्यांचाही, अठराचाही)