कढीपत्त्याच्या गल्लीतून

लिस्बन, रविवार रात्र

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं होतं, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि आई ‘नंतर बोल’ म्हणाली. म्हणून पत्र. बाबा, तुमच्यासाठी अक्षर मुद्दाम मोठं काढतोय.

दर शनिवारी मी कढीपत्ता आणायला जातो ती गल्ली आठवते? बांगलादेशी दुकानं, बाहेर मांडलेल्या मिरच्या. व्हिडिओ कॉलवर बघून आई म्हणाली होती, ‘हे लिस्बन की ठाण्याचा जांभळी नाका?’ त्या भागाचं नाव मोरारिया. पर्यटक शेजारच्या अल्फामात गर्दी करतात, इकडे त्यामानाने कमी वळतात. मीही दोन वर्षं पिशवी भरून परतच येत होतो. काल ऑफिसातल्या एकीला जमेना म्हणून तिचं पायी फेरीचं तिकीट मला मिळालं.

फिरवणारी बाई सत्तरीच्या पुढची, जन्मही तिथलाच. हातात ना झेंडा ना माईक. मध्येच एका दुकानात थांबून तिने स्वतःसाठी कांदे घेतले आणि आम्ही अकरा जण तिष्ठत उभे.

1147 मध्ये ख्रिस्ती राजाने मूर मुसलमानांकडून शहर घेतलं आणि हरलेल्यांना किल्ल्याच्या टेकडीच्या उतारावर, तटाबाहेर जागा दिली. जवळजवळ साडेतीनशे वर्षं ते तिथे राहिले. मग 1496 मध्ये हुकूम सुटला, बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. वस्तीला नाव मात्र अजून त्यांचंच. हे सगळं तिने भराभर सांगून टाकलं, शाळेतल्या सनावळीसारखं. ती खरी रंगली पुढच्या चौकात. मार्तीं मोनीज नावाचा मोठा, ओकाबोका चौक आहे. गेल्या शतकात, 1930 नंतरच्या काळात सरकारने तिथली जुनी घरं टप्प्याटप्प्याने पाडली, एक छोटं चर्च तेवढं वाचलं. ती मधोमध उभी राहून हवेत बोट दाखवत होती. इथे न्हावी, इथे कोळशाची वखार. बाबा, गोखले रोडवर तुम्ही अगदी हेच करता, आणि मी ‘चला ना’ म्हणून ओढत नेतो.

एका अरुंद बोळात भिंतीवर तिथल्याच म्हाताऱ्यांचे काळेपांढरे फोटो लावलेत. बोळाचं नाव ऐका, पिठांची गल्ली. (आपल्या आळ्यांची नावं तरी काय वेगळी?) फोटो काढले त्याच भागात राहणाऱ्या एका इंग्रज बाईने. आमची बाई एका फोटोपाशी थांबली, काही न बोलता काचेवरची धूळ पुसली आणि पुढे निघाली. शेजारीण असावी. विचारायचा धीर झाला नाही.

फादो नावाचं गाणं इथेच वाढलं असं मानतात. मारिया सेवेरा ही त्याची पहिली प्रसिद्ध गायिका. वेश्या होती, 1846 मध्ये सव्विसाव्या वर्षी गेली. जिवंतपणी लोकांनी नाकं मुरडली असणार. आता घरावर पाटी आहे. तिथेच वरच्या खिडकीतून एक आजीबाई आमच्यावर खेकसली, दार अडवू नका म्हणून. इथली बरीच घरं आता पर्यटकांना भाड्याने जातात, जुन्या भाडेकरूंना परवडत नाही. आम्हीही त्याच गर्दीतले. मी निमूट बाजूला झालो.

शेवटी एका दारातल्या बाईकडून चेरीची दारू घेतली. अंगठ्याएवढा पेला होता, आई, रागावू नकोस. तेव्हा आमच्या फिरवणाऱ्या बाईशी पोर्तुगीज शब्दांवरून गंमत झाली. चावी, साबण, पाव, बटाटा. मी म्हटलं, हे तर आमचे शब्द. ती म्हणाली, छे, आमचे! मग मी ठाण्याचा किल्ला काढला. म्हटलं, तुम्हा पोर्तुगिजांनी बांधायला घेतला, पुरा व्हायच्या आत 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि इंग्रजांनी पुढे त्याचा तुरुंग केला. ‘तुरुंग’ हाही तुमच्या ‘त्रोंकु’वरूनच आला म्हणतात. ती खूप हसली. मग विचारलं, ‘तू लोकांना दाखवतोस का तो?’

माझी बोलती बंद. शाळेत जाताना जेलची भिंत रोज डाव्या हाताला असायची, आणि मला सांगता आली ती फक्त तुमची गोष्ट, इंग्रजांनी तिथे कैदेत ठेवलेल्या पेशव्यांच्या कारभाऱ्याची, त्रिंबकजी डेंगळ्यांची. मोतद्दाराने बाहेर घोड्याला खरारा करत गाण्यातून निरोप दिला, गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळेना आणि 1816 मध्ये डेंगळे पसार. पण 19 एप्रिल 1910 ला नाशिकच्या जॅक्सन वधाच्या खटल्यातले कान्हेरे, कर्वे, देशपांडे याच भिंतीआड फासावर गेले, हे मला कालच रात्री नीट वाचून कळलं. कौपिनेश्वर, तलावाजवळचं जुनं चर्च, टेंभी नाक्याचं बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. आणि आम्ही तलावपाळीला जायचो ते आइस्क्रीम खायला.

डिसेंबरात तीन आठवडे येतोय. एक सकाळ माझ्यासाठी ठेवा, रिक्षा नाही करायची. चेंदणी कोळीवाड्यापासून सुरू करू. आणि तो मोतद्दार नक्की कुठल्या बाजूला उभा होता ते एकदाचं ठरवा, तुम्ही दर वेळी वेगळी भिंत दाखवता.

आईला सांगा, गोडा मसाला संपत आलाय.

तुमचा,
धाकटा