पार्सलातल्या चार हात दोरीविषयी

चेंदणी कोळीवाडा, ठाणे

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिडाची होडी चालवायला शिकणार असल्याचे तू फोनवर सांगितलेस, तेव्हा मी फारसे काही बोलले नाही. एक तर कुकरची शिट्टी होत होती, आणि दुसरे म्हणजे गाठी फोनवरून शिकवता येत नाहीत. म्हणून हे पत्र, आणि सोबत चार हात दोरी. दोरी नवी असल्यामुळे ताठ आहे, ती आधी रात्रभर पाण्यात भिजत घाल. कोरड्या दोरीवर दिवाणखान्यात बसून मारलेली गाठ ही अर्धीच शिकलेली असते. खिडकीच्या गजाला ती ओल्या हातांनी बांध, मग दिवा मालवून बांध, आणि प्रत्येक वेळी ती सोडवायला किती वेळ लागला तेही पाहा.

सोडवण्याचे मी मुद्दाम लिहिते आहे. आपल्याकडे निरगाठ आणि सुरगाठ असे दोन शब्द आहेत. हिसका बसला की जी आवळत जाते आणि शेवटी नखांनीही उकलत नाही ती निरगाठ, आणि काम झाल्यावर जी हाताला सहज सुटते ती सुरगाठ. तुझे आजोबा होडीवर निरगाठ दिसली की ती बांधणाऱ्याकडूनच सोडवून घेत, मग त्यात त्याची दुपार गेली तरी चालेल. तेव्हा मला तो छळ वाटायचा.

त्यातली खरी गोम मला येऊरला कळली. कॉलेजात असताना एका जुलै महिन्यात आम्ही आठ-नऊ जण तिथल्या ओढ्यापलीकडे गेलो होतो. जाताना पाणी घोट्याएवढे आणि नितळ होते. परतताना ते मांडीला लागत होते, रंगाने चहासारखे झाले होते आणि त्यातून पाने नि काटक्या वाहत येत होत्या. वर डोंगरात पाऊस झाल्याची ही खूण आहे आणि ती दिसली की ओढ्याच्या काठावर बसून राहायचे असते, हे आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या म्होरक्याने दोरीचे एक टोक झाडाला बांधले, दुसरे माझ्या कमरेला सरकत्या गाठीने बांधले आणि मला पुढे घातले. मधोमध पाय निसटला. दोरीने मला वाहू दिले नाही, हे खरे. पण वाहत्या पाण्यात एका जागी जखडलेल्या माणसाला प्रवाह खाली दाबतो, आणि सरकती गाठ बरगड्यांखाली आवळत जाते. दोघांनी मला ओढून काठावर आणले, तरी गाठ काही सुटेना. शेवटी पाड्यावरच्या एका वारली बाबांनी कोयत्याने दोरी कापली. पाऊण तासाने पाणी ओसरले आणि बाकीचे सगळे चालत पलीकडे आले. नुसते थांबलो असतो तरी भागले असते.

तेव्हा तू जी गाठ सर्वांत आधी हातात बसवायची आहेस, ती बोलाइन. दोरीच्या लांब भागावर एक लहान डोळा पाड, असा की टोकाकडची बाजू वर राहील आणि लांब भाग खाली. टोक खालून त्या डोळ्यातून वर काढ, लांब भागाच्या मागून वळसा घाल आणि त्याच डोळ्यातून पुन्हा खाली घाल. जो फास तयार होतो तो कितीही ओढ बसली तरी लहान होत नाही, आणि ताण गेल्यावर मागचा वळसा अंगठ्याने ढकलला की गाठ मोकळी होते. तिचे दोन दोषही ध्यानात ठेव: ताण असताना ती सोडवता येत नाही, आणि दोरी ढिली राहून हेलकावत असेल तर ती आपोआप सैल होते, म्हणून टोक निदान वीतभर शिल्लक ठेवावे. दोन दोऱ्या जोडायच्या असतील तर पुडक्याला मारतो ती साधी गाठ भरवशाची नाही. त्यासाठी शीट बेंड मारावी. ती तुला नव्याने शिकायला नको. लहानपणी आजोबांजवळ बसून तू जाळ्याची घरे विणायचीस, ती गाठ म्हणजे शीट बेंडच. तिचे इंग्रजी नाव मला लग्नानंतर कळले.

होडीवर शीट म्हणजे शीड ओढून धरणारी दोरी. ती तू हातात धर, बांधून ठेवू नकोस. वाऱ्याचा झपाटा आला आणि होडी कलली, की दोरी सैल सोडली तर शीड फडफडते आणि होडी पुन्हा सरळ होते. बांधलेली असेल तर गाठ उकलेपर्यंत होडी आडवी झालेली असते. उलटलीच, तर होडीला धरून राहा. पाण्यातून किनारा नेहमी आहे त्याहून जवळ दिसतो, आणि शोधायला येणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा होडी आधी दिसते. लाइफ जॅकेट अंगात असावे, बाकाखाली नव्हे. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, तिरक्या टप्प्यांनीच जावे लागते. म्हणजे वारा पाठीशी घेऊन अर्ध्या तासात गेलीस, तर यायला त्याहून बराच जास्त वेळ हाताशी ठेवायला हवा. पहिल्या दिवशी वाऱ्याविरुद्ध आधी जा आणि त्याच्यासोबत घरी ये.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक आता मोबाइलवर मिळते, पण मोबाइल भिजतो. आजोबांचा हिशेब बोटांवरचा होता: तिथीला पाऊणने गुणावे, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आपल्या किनाऱ्याचा आहे आणि खाडीच्या आतल्या टोकाला, म्हणजे आपल्या ठाण्याला, भरती थोडी उशिराच पोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच खालीही जाते. एकदा उधाणाच्या ओहोटीत आमची होडी खाडीच्या चिखलात बसली, आणि आजोबा पुढची भरती येईपर्यंत सुकटीची चटणी नि भाकरी खात निवांत बसले होते. मी मात्र उतरून चालत जायला निघाले होते. दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले, आणि चप्पल अजून तिथेच आहे.

बाकी थोडे. शिट्टी जॅकेटलाच बांध, पिशवीत नको. संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबून पुन्हा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही गेले नाहीत, तर पाण्यातून बाहेर यायचे, मग शिक्षक काही का म्हणेनात.

तुझा वर्ग सुरू होतो त्या दिवशी दशमी आहे. भरती किती वाजता, ते रविवारी फोनवर सांग. पंचांग मी समोर घेऊन बसते.

तुझी,
आई